एकाच भाषेचं घर

"या चित्रातली गोष्ट सांगा तिला," सरळा मॅडम पद्मजाला तेलुगूत म्हणाल्या. "मी काही परीक्षा घेत नाही. घरी सांगाल तशी सांगा."

चित्र साधंच होतं. चुलीजवळ दुधाचं पातेलं, त्यात तोंड घातलेलं मांजर आणि दारात लाटणं घेऊन उभी असलेली बाई. माझी बायको पद्मजा सतरंजीवर बसली होती आणि तिच्यासमोर आमची शिरीषा, अडीच वर्षांची. शिरीषाच्या फ्रॉकवर श्रवणयंत्राची डबी टाचलेली होती आणि डबीतून निघालेल्या दोन वायरी तिच्या कानांत गेल्या होत्या. तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही हे आम्हाला कळून जेमतेम चार महिने झाले होते.

पद्मजानं सुरुवात केली. पिल्ली आली, पालु प्यायली. म्हणजे मांजर आलं, दूध प्यायलं. तेवढं सांगून झालं आणि ती अडली. मांजर चोरपावलांनी आलं, इकडे तिकडे बघत आलं, हे तिला तेलुगूत सांगताच येईना. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी शब्द पुरवला. तो तिनं म्हटला, पण पाठ केल्यासारखा. शिरीषाचं लक्ष केव्हाच खिडकीकडे गेलं होतं.

मग पद्मजाच्या तोंडून एकदम निघून गेलं, "अगं बया! सगळंच्या सगळं दूध फस्त केलं की हिनं! आता बघ कशी मार खाते ती!" बोलताना तिचे डोळे मोठे झाले, हात आपोआप वर गेला. शिरीषानं खिडकी सोडून आईच्या तोंडाकडे पाहिलं.

सरळा मॅडमनी ते बघितलं. त्या हसल्या, वहीत काहीतरी लिहिलं आणि मला विचारलं, "या मराठीत बोलल्या ना आत्ता?"

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या ऑक्टोबरमधली. मी अंबादास म्याकल, राहणार सोलापूर. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात निम्मी वस्ती आम्हा तेलुगू विणकरांची. आजे-पणजे तेलंगणातून मागावर काम करायला आले आणि इथलेच झाले. आमच्या घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू, शाळेत मराठी. पद्मजाही आमच्यातलीच, पण तिचे वडील मराठी शाळेत मास्तर होते आणि त्यांचं घर रेल्वे लाईनला, सगळ्या मराठी शेजारात. तिकडे जेवताना, भांडताना, लाड करताना मराठीच. आमच्याकडे लग्न होऊन आल्यावर ती तेलुगू शिकली, पण ती शिकलेली भाषा होती. मीठ आण, पाणी तापलं, दार लाव, इथवरची.

मी टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्यावर होतो. मालकांनी ते खातं दिवाळीनंतर बंद करायचं ठरवलं होतं. सोलापूर सोडायचंच होतं. शिवाय शिरीषासारख्या मुलांना बोलायला शिकवणारं कुणी तेव्हा आमच्या माहितीत सोलापुरात नव्हतं. मोठ्या शहरात जाणं भाग होतं आणि माझ्यापुढे दोन शहरं होती. हैदराबादला मल्लेशममामांच्या ओळखीनं एका मोठ्या रंगकारखान्यात खातेप्रमुखाची जागा मिळत होती. पुण्याला एका प्रयोगशाळेत कपड्यांचे रंग तपासण्याचं काम होतं. हुद्दा खालचा, पगारही कमी. माझं मन कुठे होतं ते सांगायला नको. तरीही दोन्हीकडच्या शाळा बघून ठरवू, असं पद्मजाचं म्हणणं पडलं आणि आम्ही निघालो. बरोबर माझी आई होती. तिला सगळेच अम्मा म्हणत.

हैदराबादच्या त्या शाळेत गोष्ट सांगून झाल्यावर सरळा मॅडमनी मला आणि पद्मजाला खुर्च्यांवर बसवलं.

"एक गोष्ट स्पष्ट सांगते," त्या म्हणाल्या. "तुमची मुलगी बोलेल. यंत्रातून थोडं ऐकेल, बरंचसं ओठांवरून वाचेल. पण ऐकू येणारं मूल चार भाषा वाऱ्यावरून उचलतं. हिला एकेक शब्द शंभरदा बघावा लागणार. म्हणून पहिली चार-पाच वर्षं घरात एकच भाषा ठेवा. सगळ्यांनी तीच बोलायची. आईनं, वडिलांनी, आजीनं, सगळ्यांनी."

"आमच्या घरात तेलुगूच आहे," मी म्हणालो.

"तुमच्या घरात असेल," मॅडम म्हणाल्या. मग पद्मजाकडे वळून त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. "आमच्याकडे आलात तर आम्ही जीव तोडून शिकवू. पण दिवसाचे दोन तास ती आमच्याकडे असेल, दहा तास तुमच्याकडे. विचार करा."

संध्याकाळी नारायणगुड्यात मामांच्या घरी जेवायला बसलो तेव्हा हाच विषय निघाला. मल्लेशममामा म्हणजे अम्माचे धाकटे भाऊ, मोठ्या मनाचा माणूस. त्यांनी आमच्यासाठी घराच्या वरच्या दोन खोल्या रंगवूनच घेतल्या होत्या.

"त्यात काय एवढं?" मामा म्हणाले. "इथे राहिली की सहा महिन्यांत पद्मा फाडफाड तेलुगू बोलेल."

"शिकेन की," पद्मजा म्हणाली. "मी नाही कुठे म्हणते? पण तोवर हिच्याशी कोण बोलणार? आधीच अडीच वर्षं गेलीत तिची. मी तिच्याशी अडखळत बोलले तर ती खिडकीकडे बघते. आज तुम्हीच पाहिलंत, अहो."

"म्हणून एवढी नोकरी सोडू?" माझा आवाज चढला. "आणि अम्माचं काय?"

अम्माचं नाव निघालं तशी पद्मजा खाली बघून भात कालवायला लागली. कारण हैदराबादेत आल्यापासून अम्मा कशी झाली होती ते आम्ही दोघंही बघत होतो.

बालामणी हे तिचं नाव. करीमनगरकडच्या खेड्यातून चौदाव्या वर्षी लग्न होऊन सोलापूरला आली. माझे वडील गेल्यावर विड्या वळून तिनं मला डिप्लोमापर्यंत शिकवलं. बेचाळीस वर्षं सोलापुरात काढली, पण पूर्व भागाबाहेर तिचं काही काम पडत नसे. मराठी तिला समजायची. बोलत मात्र ती कधीच नसे. बाहेरच्या माणसासमोर गेली की पदर ओढून गप्प. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तरी माझ्याकडे बघायची, मीच सांगायचं कुठे दुखतंय ते. आम्ही मराठीत काही विनोद केला की क्षणभर उशिरानं हसायची. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. आमची अम्मा अशीच, अबोल, असं मी समजत होतो.

ती हैदराबादेत उतरली आणि स्टेशनवरच रिक्षावाल्याशी भांडली! मोंड्याच्या बाजारात तिनं भाजीवालीला असं काही सुनावलं की भोवतीच्या चार बायका हसत सुटल्या आणि मग त्या चारही जणी तिच्याशी गप्पा मारत उभ्या राहिल्या. मामांच्या शेजारी एक आजी होत्या, त्यांच्याबरोबर ती देवळात गेली आणि दोन तासांनी त्यांचे सगळे लेक-सुना, दुखणी-खुपणी पाठ करून आली. मी आईला तिच्या छप्पन्नाव्या वर्षी पहिल्यांदा विनोद सांगताना ऐकलं. आणि ती चांगले सांगायची.

त्या जेवणात तिनं भाताचा घास हातात तसाच धरून आमचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग तेलुगूत एवढंच म्हणाली, "पुणंही बघू. बघायचं म्हणून निघालोय ना?"

तिसऱ्या दिवशी आम्ही पुण्यात होतो.

पुण्यातली शाळा म्हणजे एक जुना बंगला होता. व्हरांड्यात सात-आठ आया आपापल्या मुलांना समोर घेऊन बसल्या होत्या. कुणी भाजी निवडत होती, कुणी नुसत्याच कपड्यांच्या घड्या करत होती, आणि सगळ्या जणी सारखं बोलत होत्या. "हा बघ टॉवेल. बाबांचा टॉवेल. ओला आहे का? नाही, वाळलाय." इथे मुलांना नाही, आयांना शिकवतात, असं इनामदार बाईंनी आल्याआल्या सांगितलं. लीला इनामदार, पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत.

त्यांनी पद्मजापुढे मटारची परडी ठेवली. "सोला दोघी मिळून. आणि बोला."

पद्मजा बोलायला लागली आणि थांबेचना. शेंग कशी हिरवीगार, हिच्या पोटात बाळं किती, एक-दोन-तीन, हे बघ एक पळालं, अरे धरा धरा त्या चोराला! एक दाणा खरंच घरंगळत खुर्चीखाली गेला तशी ती गुडघ्यांवर रांगत त्याच्या मागे गेली. शिरीषा तिच्या मागे. परत आल्यावर शिरीषानं आपणहून आईची हनुवटी धरली आणि तिचं तोंड स्वतःकडे वळवलं. पुढे बोल, असं ती सांगत होती. चार महिन्यांत, खरं तर अडीच वर्षांत, तिनं असं कधी केलं नव्हतं.

मी भिंतीला टेकून उभा होतो. नोकरी गेली खड्ड्यात, असं मला त्या क्षणी वाटलं. खोटं कशाला बोलू, पाच मिनिटांनी ते ओसरलंही.

कारण इनामदार बाईंनी विचारलं, "घरी आणखी कोण असतं?"

"माझी आई." मी कोपऱ्याकडे हात केला. अम्मा तिथे बाकावर पदर ओढून बसली होती. हैदराबादची अम्मा गाडीतच कुठेतरी उतरून गेली होती.

"छान. आजी म्हणजे तर खजिना. आजी, काय म्हणता?" बाई मोठ्यानं म्हणाल्या.

अम्मा माझ्याकडे बघायला लागली.

"तिला मराठी येत नाही," मी म्हणालो. "ती तेलुगूच बोलते. शिरीषा दुपारभर तिच्याजवळच असते."

इनामदार बाईंनी परडी बाजूला ठेवली. "मग अवघड आहे हो," त्या म्हणाल्या. "आई एक बोलणार, आजी एक. या पोरीनं कुणाचे ओठ खरे धरायचे? मी असं म्हणणार नाही की आजींना लांब ठेवा. ते मला कधीच पटत नाही. पण मग तुम्हाला तेलुगूच धरावी लागेल आणि हैदराबादचा विचार करावा लागेल. तिकडचे लोक चांगलं काम करतात."

मी मान हलवली. मला आतून सुटल्यासारखं झालं, हे आज कबूल करतो. निर्णय माझ्या बाजूनं लागला होता आणि कारण अम्मा होती. त्याच्यावर कुणाला बोलता येणार नव्हतं.

रिक्षात पद्मजानं शिरीषाला मांडीवर घेतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हैदराबादलाच जाऊ. अम्मांना एकटं टाकून कुठे जायचं? आणि त्या तिथे किती खुश होत्या. मी शिकते तेलुगू." मग ती अम्माकडे वळली आणि आपल्या मोडक्या तेलुगूत म्हणाली, "तुम्ही मला रोज एक गोष्ट सांगा. मी पाठ करीन आणि हिला सांगेन. चालेल?"

अम्मानं तिच्याकडे पाहिलं. मग शिरीषाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सोलापूरची एसटी धरायला स्वारगेटला आलो. गाडीला अर्धा तास होता. बाकावर आमच्या शेजारी एक शिक्षकासारखे दिसणारे गृहस्थ पेपर वाचत होते, पलीकडे कॉलेजच्या तीन मुली होत्या. पद्मजा सामानाजवळ बसली. मी तिकिटांचं बघून आलो तेव्हा अम्मानं फेरीवाल्याकडून पेरू घेतला होता आणि ती शिरीषासमोर, त्या स्टँडच्या फरशीवर, उकिडवी बसली होती. तोंडावरचा पदर तिनं मागे सारला होता. शिरीषाची हनुवटी धरून तिनं तिचा चेहरा आपल्याकडे केला.

"शिरी," अम्मा मोठ्यानं म्हणाली, "ही पेरू. ही पेरू हिरवा आहे. गोड आहे. शिरी खातो का पेरू?"

मी जागच्या जागी उभा राहिलो. आईच्या तोंडून मराठी वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं.

कॉलेजच्या मुलींतली एक फिस्सकन हसली. पेपरवाल्या गृहस्थांनीही मान वर केली. मी कानकोंडा झालो. पटकन पुढे होऊन मी तेलुगूत म्हणालो, "अम्मा, लोक बघतायत. आपल्या भाषेत बोल ना."

"नाही," अम्मा म्हणाली. तेही मराठीत. "आता मराठी. सगळं मराठी. आपण पुण्याला येणार."

"अगं, पण तुला कुठे येतं..."

"येतंय मला. चूक येतंय, पण येतंय." ती उठली नाही. खालूनच माझ्याकडे बघत होती. "बेचाळीस वर्ष ऐकतंय मी. रेशनचा दुकानात एकदा मी बोलली, तो माणूस सगळ्यांना सांगून सांगून हसला. तू पण होता. लहान होता. तू पण हसला. मग मी नाही बोलली."

मला ते रेशनचं दुकान आठवेना. खूप आठवून पाहिलं, आजही आठवत नाही. पण ती खोटं बोलणारी बाई नव्हती.

पद्मजा सामान सोडून आली. अम्माशेजारी फरशीवर बसली. "अम्मा," ती म्हणाली, "तुम्ही हैदराबादला किती छान राहाल. बोलायला माणसं आहेत तिकडे. इथे तुमच्याशी कोण बोलेल?"

"ही बोलेल," अम्मा म्हणाली आणि शिरीषाच्या गालाला हात लावला. "पद्मा, तू काल ते मटर सोलताना बोलला ना, तेव्हा ही कसं बघत होती! माझ्याकडे असं कधी नाही बघितली. मी खूप बोलते हिच्याशी तेलुगूत. नाही बघत. तुझं तोंड बघते. मग तुझं भाषा पाहिजे." ती थांबली, शब्द शोधले, सापडले नाहीत तसं हातानं हवेत काहीतरी पुसून टाकलं. "माझं काय. माझं बोलून झालंय."

पद्मजा रडत रडत म्हणाली, "तुझी भाषा, म्हणायचं अम्मा."

"तुझी भाषा," अम्मानं म्हटलं. "आणि पेरू?"

"हा पेरू."

"हा पेरू," अम्मा शिरीषाच्या तोंडापुढे तोंड नेऊन म्हणाली. "हा पेरू हिरवा आहे. हां?"

ती कॉलेजची मुलगी आता हसत नव्हती. गाडी लागल्यावर तिनं आमची मोठी बॅग उचलून दारापर्यंत आणून दिली.

स्वारगेट ते सोलापूर पाच-सहा तासांचा रस्ता. अम्मा खिडकीशी बसली आणि तिनं शिरीषाला दिसेल ते दाखवलं. बैल आला. नदी गेला. ऊस खूप. म्हातारा सायकलवर पडला, उठला. पद्मजा हळू आवाजात दुरुस्त करायची, अम्मा पुन्हा म्हणायची. इंदापूरच्या पुढे पद्मजाचा डोळा लागला तेव्हा अम्मा मला कोपरानं ढोसून विचारू लागली, "नदी गेला की गेली?" मी सांगितलं. आईला भाषा शिकवण्याची वेळ माझ्यावर आली आणि माझी मान वर होत नव्हती.

मामांना पत्र मीच लिहिलं. ते रागावले नाहीत. उलटटपाली त्यांनी एकच ओळ पाठवली : अक्का जे करेल ते विचार करूनच करेल.

डिसेंबरात आम्ही पुण्यात कोथरूडला दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं. पहिले महिने अवघड गेले. माझी नोकरी रुक्ष होती, आणि मी ते बोलून दाखवत असे. अम्मानं एकदाही कशाबद्दल तक्रार केली नाही. रोज सकाळी ती पद्मजाबरोबर त्या बंगल्यात जाऊन बसायची. आयांच्या वर्गात एकुलती आजी. लिहिता येत नव्हतं, म्हणून ती शब्द बोटांच्या पेरांवर मोजून पाठ करायची. इमारतीतल्या बायकांना तिनं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "माझं मराठी वाकडा आहे. मी चुकलं की सांगा. हसून सांगितला तरी चालेल." हसून-सांगून त्या बायका तिच्या मैत्रिणी कधी झाल्या, आम्हाला कळलंही नाही. आम्ही तिघं आपसातही मराठीच बोलायचो. मी आणि अम्मासुद्धा. कधी शिरीषा झोपली की मी सवयीनं तेलुगूत काही बोलून जायचो. ती उत्तर मराठीत द्यायची. जीभ दोन ठिकाणी ठेवली की घसरते, म्हणायची.

सात महिने शिरीषाच्या तोंडून एक शब्द आला नाही. आठव्या महिन्यात तिनं पद्मजाकडे बोट करून "दे" म्हटलं. त्यानंतर बांध फुटल्यासारखं झालं. वर्षभरानं इनामदार बाईंच्या समोर ती दाराकडे बघून म्हणाली, "अम्मा आला."

"अम्मा आली," बाईंनी दुरुस्त केलं.

"अम्मा आला!" शिरीषा ठासून म्हणाली.

अम्मा दारात चपला काढत होती. तिनं कपाळाला हात लावला. "बाई, हे माझ्याकडून गेलं," ती म्हणाली.

इनामदार बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "जाऊ दे हो," त्या म्हणाल्या. "वाक्य बोलली पोरगी. लिंगवचन बघू नंतर."

शिरीषा चौथीपासून साध्या शाळेत गेली. ती कशी शिकली, कुठे अडली, कुणी चिडवलं आणि तिनं काय उत्तर दिलं, ते सगळं सांगायला वेगळा दिवस लागेल. अम्मा तिच्या अभ्यासाला बसायची आणि तिच्याकडूनच अक्षरं शिकली. साठी ओलांडल्यावर ती दुकानाच्या पाट्या वाचायला लागली. अम्माच्या मराठीला नंतर कुणी हसेनासं झालं. जे चुकायचं ते चुकतच राहिलं, पण तिच्या ठसक्यात ते शोभायचं.

दोन हजार बारा साली अम्माला न्यूमोनिया झाला आणि छातीत फार पसरला. दवाखान्यात कित्येक दिवस ती यंत्रावर होती. जीव वाचला, पण श्वासासाठी गळ्याला छेद देऊन नळी बसवली होती. त्यामुळे आवाज नाही. ओठ हलायचे, शब्द ऐकू यायचा नाही. आम्ही दोघं तिच्या तोंडाशी कान नेऊन बसायचो आणि काही कळायचं नाही. तिला लिहायला पाटी दिली तर हात थरथरायचा. काही सांगायचं असायचं आणि सांगता आलं नाही की ती डोळे मिटून घ्यायची.

शिरीषा सोळा वर्षांची होती. ती कॉलेजातून थेट दवाखान्यात आली, खुर्ची ओढून अम्मासमोर बसली आणि तिच्या ओठांकडे बघू लागली.

"बाबा," थोड्या वेळानं ती म्हणाली, "अम्मा मराठीत बोलत नाहीये."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. थकलेला जीव आपल्या पहिल्या भाषेत गेला होता. चौदा वर्षं अडवून ठेवलेली तेलुगू अम्माच्या ओठांवर परत आली होती आणि आम्ही कान लावून मराठी शोधत होतो.

"निळू निळू असं काहीतरी म्हणतेय. निळी चादर हवीय का तिला?"

"नीळ्ळू," मी म्हणालो. "पाणी. पाणी मागतेय."

शिरीषानं ओल्या कापसानं अम्माचे ओठ टिपले. मग पिशवीतून वही काढली आणि माझ्यापुढे धरली. "मला सगळे शब्द लिहून द्या. मराठी अक्षरांत. आणि लिहिलेला प्रत्येक शब्द माझ्याकडे बघून बोला, सावकाश."

त्या दुपारी दवाखान्याच्या जिन्यात बसून मी माझ्या मुलीला तेलुगू शिकवली. दुखतंय, थंडी वाजते, कुशीवर वळव, दिवा, पांघरूण, बस झालं, जवळ ये. ती एकेक शब्द माझ्या ओठांवरून उचलायची, आरशात बघून स्वतः म्हणायची आणि आत जाऊन अम्माला दाखवायची. ती चुकली की अम्मा भुवई उंच करायची आणि ओठ पुन्हा, सावकाश, नीट हलवून दाखवायची. तिसऱ्या दिवशी नर्सबाई काही विचारायचं असलं की आम्हाला न विचारता शिरीषाला हाक मारायला लागल्या. पेशंटला काय हवं ते त्या मजल्यावर तिच्याएवढं कुणालाच कळत नव्हतं.

एकदा मी डबा घेऊन खोलीत शिरलो तर दोघी हसत होत्या. अम्माच्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. अम्मानं शिरीषाला जवळ बोलावलं आणि काहीतरी बरंच लांबलचक सांगितलं. शिरीषा मान डोलवत होती. मध्येच तिनं एक शब्द विचारला, अम्मानं दोनदा म्हणून दाखवला. मग दोघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणतेय गं अम्मा?" मी विचारलं.

"काही नाही," शिरीषा म्हणाली. "तुमच्याशी नाही बोलत ती."